संधिवाताच्या ओपीडीत रुग्णाचं सांगणं नेमकं कसं मोजावं

सुजलेला सांधा डॉक्टरच्या बोटांना कळतो, ईएसआर आणि सीआरपी हे सूज दाखवणारे रक्तातले आकडे प्रयोगशाळा सांगते. पण दुखतं किती, थकवा किती, सकाळी हात मोकळे व्हायला किती वेळ लागतो, घागर उचलता येते का, हे रुग्णाशिवाय कुणालाच सांगता येत नाही. औषध वाढवायचं की कमी करायचं हे ज्या आकड्यांवर ठरतं, त्यांत रुग्णाने दिलेला आकडा आधीपासूनच मिसळलेला असतो. तो आकडा ढिसाळपणे घेतला तर पुढचा सगळा हिशेब ढिसाळ होतो.

हे किती महागात पडतं ते आमवाताच्या, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसच्या डास२८ या आजाराचा जोर मोजणाऱ्या सूत्रात बघा. चार गोष्टी त्यात येतात. २८ पैकी दुखऱ्या सांध्यांच्या संख्येचं वर्गमूळ गुणिले ०.५६, सुजलेल्या सांध्यांच्या संख्येचं वर्गमूळ गुणिले ०.२८, ईएसआरचा नैसर्गिक लॉगरिदम गुणिले ०.७०, आणि रुग्णाने स्वतःच्या एकूण अवस्थेला ० ते १०० मध्ये दिलेला आकडा गुणिले ०.०१४. एकही सांधा दुखत नाही, सुजलेला नाही आणि ईएसआर २० आहे असं धरू. रुग्णाने २० सांगितलं तर स्कोअर २.३८ येतो, ४० सांगितलं तर २.६६. आजार शांत आहे म्हणण्याची मर्यादा २.६ च्या खाली आहे. म्हणजे सांधे तेच, रक्त तेच, पण प्रश्न नीट न कळल्यामुळे २० च्या जागी ४० वर खूण झाली, तर रुग्ण 'शांत'मधून बाहेर पडतो.

हा लेख संधिवाततज्ज्ञ, त्यांच्याकडचे निवासी डॉक्टर, सिस्टर आणि फिजिओथेरपिस्ट यांच्यासाठी आहे. चुका बहुतेक वेळा प्रश्नावलीत नसतात. कागद कोणी दिला, कधी दिला, कोण शेजारी बसलं होतं, कोरी जागा कशी भरली, इथे त्या होतात. म्हणून प्रश्नावलीच्या निवडीपेक्षा ती हाताळण्यावर पुढे जास्त लिहिलं आहे.

पहिलं काम: कमी निवडा

एका आजारासाठी एक संच ठरवा आणि निदान दोन वर्षं तो बदलू नका. गर्दीच्या ओपीडीत कागदाच्या एका बाजूवर मावेल आणि पाच मिनिटांत होईल एवढंच टिकतं. चार पानी प्रश्नावली पहिल्या महिन्यात उत्साहाने भरली जाते, तिसऱ्या महिन्यात अर्धी कोरी येते, आणि सहाव्या महिन्यात सिस्टर ती द्यायचंच सोडून देतात.

आमवातासाठी तीन गोष्टी पुरतात: रोजची कामं जमतात का, दुखणं किती, आणि एकूण अवस्था कशी. रॅपिड३ या छोट्या प्रश्नावलीत या तिन्ही आहेत. चौथा आकडा थकव्याचा घ्या. ओमेरॅक्ट हा संधिवातातली मोजमापं ठरवणारा आंतरराष्ट्रीय गट १९९२ मध्ये सुरू झाला. २००२ च्या बैठकीत रुग्णांना पहिल्यांदा चर्चेत बसवलं, तेव्हा त्यांनी थकव्याचा मुद्दा पुढे आणला. दहा वर्षं तज्ज्ञांच्या यादीत तो मूळ मोजमापांत नव्हता. रुग्णाला विचारायला हवं ते त्याला विचारूनच ठरवायचं, याचं याहून ठोस उदाहरण या विषयात नाही.

अँकिलोजिंग स्पॉन्डिलायटिस, म्हणजे मणका आखडवणाऱ्या संधिवातासाठी बासडाय हे सहा प्रश्न, आणि सोरायसिसच्या संधिवातासाठी पीएसएआयडी ही प्रश्नावली वापरा. आमवाताच्या रुग्णाचं सात अंगांनी चित्र हवं असेल तर युलार या संधिवाततज्ज्ञांच्या युरोपीय संघटनेचं रेड आहे: दुखणं, कामं, थकवा, झोप, शारीरिक बरेपण, मानसिक बरेपण आणि आजाराशी जुळवून घेणं. प्रत्येकाला ० ते १० आणि वजनं अनुक्रमे २१, १६, १५, १२, १२, १२, १२ टक्के. ही वजनं युरोपातल्या रुग्णांच्या उत्तरांवरून ठरलेली आहेत हे ध्यानात ठेवा.

दुसरं काम: प्रश्न आपल्या घरातले आहेत का

या विषयातली जुनी आणि खूप वापरली जाणारी प्रश्नावली म्हणजे एचएक्यू. रोजची कामं कितपत जमतात ते ती मोजते. स्टॅनफर्डच्या जेम्स फ्राइज यांच्या गटाने ती १९८० मध्ये प्रसिद्ध केली. तिच्यात आठ गटांत २० प्रश्न आहेत. त्यांत टबमध्ये अंघोळ, दुधाचं नवं खोकं उघडणं, मांस कापणं, व्हॅक्यूम क्लीनर किंवा अंगणातली कामं, मोटारीचं दार उघडणं असे प्रश्न येतात. हे शब्दशः मराठीत आणून बारामतीच्या किंवा मालवणच्या बाईंना विचारले तर त्या एकतर 'करत नाही' म्हणतील किंवा सिस्टरना बरं वाटावं म्हणून 'जमतं' म्हणतील. दोन्ही उत्तरांचा उपयोग शून्य.

भारतीय एचएक्यू याच कारणासाठी तयार झालं. दिल्लीच्या एम्समधल्या गटाने ते २००२ मध्ये प्रसिद्ध केलं. त्यात १२ प्रश्न आहेत, नऊ मूलभूत कामांचे आणि तीन जरा अवघड कामांचे. उकिडवं किंवा मांडी घालून बसून उठणं, रिक्षात चढणं-उतरणं, भाजी बाजारात खरेदी, जिना चढणं, तीन किलोमीटर चालणं हे त्यात आहे. प्रत्येकाला ०, १, २ किंवा ३: अडचण नाही, थोडी अडचण, खूप अडचण, जमत नाही. बारा उत्तरांची बेरीज भागिले बारा, म्हणजे स्कोअर. आमच्या मते महाराष्ट्रातल्या आमवाताच्या ओपीडीसाठी सुरुवात इथूनच करावी.

तरीही एक अडचण उरते. उकिडवं बसणं आणि मांडी घालणं हे एकाच प्रश्नात आलं आहे, आणि दोन्हींसाठी गुडघा, घोटा आणि खुबा वेगवेगळ्या तऱ्हेने वापरावे लागतात. एक जमतं आणि एक जमत नाही असे रुग्ण रोज भेटतात. प्रश्न फोडू नका, कारण मग ती प्रमाणित प्रश्नावली राहत नाही. नियम ठरवा: दोन्हींपैकी जास्त अवघड जाणाऱ्याचा आकडा घ्यायचा. तो नियम कागदाच्या मागच्या बाजूला छापून ठेवा, म्हणजे नवी सिस्टर आली तरी तोच चालेल.

भाकरी थापणं, कणीक मळणं, ओले कपडे पिळणं, साडीच्या निऱ्या घालणं, भरलेली कळशी उचलणं या कामांतून मनगटं आणि बोटं कशी आहेत ते फार चांगलं कळतं. ती जरूर विचारा, पण स्कोअरच्या चौकटीबाहेर, खाली एका वेगळ्या ओळीत: 'हातांमुळे कोणतं काम सोडावं लागलं?' बेरजेत ती मिसळली की तुमचा आकडा जगातल्या कुठल्याच आकड्याशी ताडून पाहता येत नाही.

मराठी आवृत्ती हवी असेल तर आधी मूळ हक्कधारकांकडे अधिकृत मराठी भाषांतर आहे का ते पाहा. काही प्रश्नावल्या मोफत आहेत, काहींसाठी नोंदणी लागते, काहींना पैसे पडतात. नसेल तर परवानगी घेऊन पूर्ण पद्धतीने करा. दोन जणांनी स्वतंत्रपणे मराठी करायचं, त्यातला एक वैद्यकाबाहेरचा असावा. दोन्ही मसुदे जुळवून एक करायचा. मूळ प्रश्नावली न पाहिलेल्या दोघांनी तो पुन्हा इंग्रजीत न्यायचा. मग डॉक्टर, भाषेचा जाणकार, भाषांतर करणारे आणि शक्य तर एक रुग्ण यांनी बसून फरक मिटवायचे. शेवटी ३० ते ४० रुग्णांना ती देऊन प्रत्येक प्रश्नानंतर विचारायचं: 'यातून तुम्हाला काय कळलं? उत्तर देताना काय डोळ्यांपुढे आलं?' या शेवटच्या पायरीला लोक कंटाळतात आणि नेमकी तीच सगळ्यात मोलाची आहे. तिथे लातूर, रत्नागिरी, नागपूर आणि पणजी इथले रुग्ण असतील तर आणखी बरं. पुण्याच्या कागदावर सहज वाटलेला शब्द कोकणात किंवा वऱ्हाडात अडतो.

तिसरं काम: दहापैकी दहा

दुखण्याचा आकडा ० ते १० मध्ये मागितला की आपल्याकडे एक चूक सतत होते. शाळेत दहापैकी दहा म्हणजे उत्तम. बरं वाटत असलेला रुग्ण आनंदाने ९ वर खूण करतो. आत डॉक्टर बघतात तर सांधे साफ, ईएसआर १४, आणि दुखणं ९. उलटही घडतं. वेदनेने बेजार झालेली आजी 'तब्येत काहीच बरी नाही' म्हणून शून्यावर बोट ठेवते. तपासताना हात सुजलेले दिसतात म्हणून दुसरी चूक निदान पकडता येते. पहिली मात्र 'पेशंट वाढवून सांगतोय' म्हणून सोडून दिली जाते.

उपाय साधे आहेत, पण चारही करावे लागतात. दोन्ही टोकांना आकड्याइतकेच मोठे शब्द छापा, 'अजिबात दुखत नाही' आणि 'सहन होणार नाही इतकं दुखतं'. थकव्याच्या, दुखण्याच्या आणि एकूण अवस्थेच्या तिन्ही पट्ट्यांची दिशा एकच ठेवा, शून्य म्हणजे चांगलं. थकव्यासाठी फॅसिट-एफ ही प्रश्नावली वापरत असाल तर सांभाळा, त्यात ० ते ५२ आहे आणि जास्त म्हणजे चांगलं. ते रॅपिड३ च्या शेजारी त्याच कागदावर छापू नका. तिसरं, पहिल्या भेटीत सिस्टरनी सरावाचा प्रश्न विचारावा: 'काकू, उद्या सकाळी उठलात आणि काहीच दुखत नाहीये, तर बोट कुठे ठेवाल?' बोट शून्यावर गेलं तरच पुढे जायचं. चौथं, खूण झाल्यावर शब्दांत परत म्हणायचं: 'म्हणजे बरंच दुखतंय, असं ना?' रुग्ण लगेच दुरुस्ती करतो.

शंभर मिलिमीटरची सलग रेघ शक्यतो टाळा. तिच्यावर फुली मारणं ही सवयीची गोष्ट नाही, आणि फोटोकॉपीत ती रेघ आखडते किंवा ताणली जाते. प्रतीची प्रत काढत गेलं की ९६ किंवा १०३ मिलिमीटर सहज होते आणि कुणी मोजत नाही. अभ्यासासाठी रेघच लागणार असेल तर छापखान्यातून छापून घ्या आणि प्रत्येक गठ्ठ्यातला एक कागद पट्टीने मोजा. रोजच्या कामाला आकड्यांचे गोल बरे. रॅपिड३ मध्ये अर्ध्या-अर्ध्याने २१ गोल असतात.

चौथं काम: 'एकूण कसं आहे?'

रुग्णाच्या एकूण अवस्थेचा प्रश्न डास२८ मध्ये आहे, रक्तचाचणीशिवाय आजाराचा जोर मोजणाऱ्या सीडीएआय मध्ये आहे, रॅपिड३ मध्ये आहे आणि एसीआर (अमेरिकेतली संधिवाताची संघटना) व युलार यांच्या शांततेच्या निकषात आहे. तरीही एकाच दवाखान्यात तीन डॉक्टर तो तीन तऱ्हेने विचारतात. 'आज तुमचा संधिवात किती जोरात आहे?', 'एकंदर तब्येत कशी?', 'गेल्या आठवड्यात संधिवाताचा किती त्रास झाला?' हे तीन वेगळे प्रश्न आहेत. दुसऱ्याच्या उत्तरात मधुमेह, मुलाची नोकरी, कालची न झालेली झोप हे सगळं येतं.

एक वाक्य ठरवा आणि छापा. आम्ही सुचवतो ते असं: 'संधिवाताचा तुमच्यावर जो जो परिणाम होतो तो सगळा लक्षात घेऊन सांगा, गेल्या आठवड्यात तुम्ही कसे होता?' शून्य म्हणजे खूप चांगले, दहा म्हणजे खूप वाईट. दुखण्याचा प्रश्न याच्या आधी ठेवा, नाहीतर रुग्ण दोन्हींना तेच उत्तर देतो.

या एका आकड्यावर बराच वाद झाला आहे. शांततेच्या २०११ च्या निकषात दुखरे सांधे, सुजलेले सांधे, मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमधला सीआरपी आणि रुग्णाचा आकडा हे चारही १ किंवा त्याहून कमी असावे लागत. सूज पूर्ण उतरलेले कितीतरी रुग्ण केवळ शेवटच्या अटीमुळे बाहेर राहत. २०२२ मध्ये रुग्णाच्या आकड्याची मर्यादा २ केली गेली. तुमच्या जुन्या फाइलींत 'शांत' असा शेरा असेल तर तो कुठल्या वर्षाच्या निकषाने, हेही लिहा.

आणखी एक नेहमीची गफलत एककाची. डास२८ ला ० ते १०० लागतो, सीडीएआयला ० ते १०. कॉम्प्युटरच्या चौकटीत ४० च्या जागी ४ टाकलं की डास२८ तब्बल ०.५ ने खाली येतो, आणि सीडीएआयमध्ये ४ च्या जागी ४० टाकलं तर रुग्ण थेट तीव्र गटात जातो, कारण तिथे २२ च्या वर म्हणजे तीव्र. एक्सेलच्या रकान्याला वरची मर्यादा घालून ठेवा.

पाचवं काम: कोण, कधी, कुठे

प्रश्नावली डॉक्टरांना भेटण्याआधी भरून घ्या, नाव नोंदवल्यानंतर लगेच. डॉक्टरांशी बोलून झाल्यावर धीर आलेला असतो किंवा इंजेक्शनची भीती बसलेली असते, आणि आकडा त्याप्रमाणे हलतो.

शक्यतो दर भेट दिवसाच्या त्याच सुमारास ठेवा. आमवात सकाळी जास्त असतो. नऊ वाजता आलेला रुग्ण पुढच्या वेळी दुपारी तीनला आला तर औषधाने बरं वाटलं की घड्याळाने, हे सांगता येत नाही. तेवढं जमत नसेल तर भरण्याची वेळ कागदावर लिहा. शेजारी एक चौकट असू द्या: 'आज दुखण्याची गोळी घेतली का? किती वाजता?' एसटीचा तीन तासांचा प्रवास सोसावा म्हणून बरेच जण निघताना डायक्लोफेनॅक घेऊन येतात. ही चौकट नसलेला आकडा अर्धवट आहे.

नातेवाइकाने उत्तरं देणं ही ओपीडीतली सगळ्यात मोठी गळती आहे. मुलगा म्हणतो, 'लिहा, दोन लिहा, आता बरीच बरी आहे ती.' सुनेसमोर सासू 'मला काही जमत नाही' म्हणायला कचरते, आणि सासूसमोर सून 'मी थकते' म्हणत नाही. रुग्णाला दोन मिनिटं वेगळ्या खुर्चीवर बसवा. सिस्टरनी म्हणावं, 'दादा, तुमचंही ऐकते, पण या कागदावर आईंचंच लिहायचं असतं.' रुग्णाला बोलणं शक्यच नसेल तर नातेवाइकाचं उत्तर घ्या, पण वर 'नातेवाइकाने सांगितलं' असा शिक्का मारा आणि ते आकडे रुग्णाच्या स्वतःच्या आकड्यांच्या आलेखात जोडू नका.

वाचता न येणाऱ्यांना प्रश्न वाचून दाखवायचे. १९९६ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या भिगवणला डॉ. अरविंद चोप्रा यांच्या पुढाकाराने कॉपकॉर्ड ही लोकवस्तीतल्या संधिवाताची पाहणी झाली. तिच्यात घरोघरी जाऊन दुखण्याची चौकशी केली गेली. समोरासमोर विचारून भरण्याची पद्धत आपल्याकडे नवी नाही. अट एवढीच की विचारणाऱ्याने कागदावरचं वाक्य जसंच्या तसं वाचायचं. कळलं नाही तर तेच वाक्य सावकाश पुन्हा. 'म्हणजे फार नाही ना दुखत?' असं कधीही नाही. 'बरं आहे' एवढंच उत्तर आलं तर त्याचं २ करून टाकायचं नाही, पट्टी पुढे करून बोट ठेवायला सांगायचं. एकाच रुग्णाला एकदा वाचून आणि एकदा स्वतः भरायला देऊ नका. माणसासमोर लोक त्रास जरा कमीच सांगतात, त्यामुळे दोन आकड्यांची तुलना होत नाही.

'मी ते करतच नाही' हे उत्तर नेहमी येतं. पाणी सून भरते, बाजार नवरा करतो. प्रश्न करता का असा नसून करता येईल का असा आहे. 'आज करायची वेळ आली तर जमेल का? कितपत अडेल?' एवढाच पुढचा प्रश्न विचारायला परवानगी द्या, आणि सगळ्या सिस्टरना तोच विचारायला शिकवा.

रुग्ण खरं का सांगत नाहीत याचाही विचार करा. कुणाला वाटतं वाईट सांगितलं तर डॉक्टरांना वाईट वाटेल. कुणाला वाटतं बरं सांगितलं तर योजनेतलं महागडं इंजेक्शन बंद होईल. पहिल्या भेटीत एक वाक्य सांगून ठेवा: 'या आकड्यावर एकट्याने औषध सुरू होत नाही आणि बंदही होत नाही. तुम्हाला काय होतंय ते आम्हाला कळावं म्हणून हे आहे.' आणि ते वाक्य पाळा.

सकाळच्या आखडण्याचा कालावधी थेट मिनिटांत मागू नका. 'उठलात किती वाजता? हात मोकळे झाले किती वाजता?' असे दोन प्रश्न विचारा आणि वजाबाकी आपण करा.

सहावं काम: बेरीज

रॅपिड३ मध्ये दहा कामांचे प्रश्न असतात, प्रत्येकी ० ते ३. बेरीज जास्तीत जास्त ३०, तिला ३ ने भागायचं. त्यात दुखण्याचा आणि एकूण अवस्थेचा आकडा मिळवायचा. कामांची बेरीज १२ असेल तर ४.०, दुखणं ५.५, एकूण ५, म्हणजे १४.५. ३ पर्यंत जवळजवळ शांत, ६ पर्यंत सौम्य, १२ पर्यंत मध्यम, त्यापुढे तीव्र. भागाकाराचा छोटा तक्ता कागदावरच छापला तर सिस्टर पाव मिनिटात हे करतात.

मूळ २० प्रश्नांच्या एचएक्यूत वीस उत्तरांची सरासरी काढायची नसते. आठ गटांपैकी प्रत्येकातलं सगळ्यात मोठं उत्तर घ्यायचं. त्या गटासाठी काठी, विशेष भांडं किंवा दुसऱ्याची मदत लागत असेल आणि उत्तर ० किंवा १ असेल तर ते २ धरायचं. मग आठांची सरासरी. सहापेक्षा कमी गट भरले असतील तर स्कोअर काढायचाच नाही. कोऱ्या जागी शून्य लिहिणं ही सर्रास दिसणारी चूक आहे. कोरी जागा म्हणजे माहीत नाही, आणि शून्य म्हणजे अडचण नाही.

बासडायमध्ये पाचव्या आणि सहाव्या प्रश्नाची आधी सरासरी घ्यायची, ती पहिल्या चारांत मिळवायची आणि ५ ने भागायचं. समजा पहिले चार ३, ३, २, ३ आणि शेवटचे दोन ७ आणि ७ आहेत. बरोबर उत्तर ११ अधिक ७ भागिले ५, म्हणजे ३.६. सहाही मिळवून ६ ने भागलं तर ४.२ येतं. आजार सक्रिय म्हणण्याची रेषा ४ वर आहे आणि बायोलॉजिकल, म्हणजे महागड्या जैविक इंजेक्शनचा निर्णय तिच्याशी बांधलेला असतो. चुकीच्या भागाकाराने माणूस रेषेच्या पलीकडे जातो.

सातवं काम: फरक खरा की नुसता हलकावा

गेल्या वेळी दुखणं ५ होतं, आज ४. औषध लागू पडलं का? एका अंकावरून नाही. ० ते १० च्या पट्टीवर साधारण २ अंक किंवा ३० टक्के उतार पडला तर रुग्णाला तो जाणवतो, असं मानलं जातं. एचएक्यूत ०.२२ चा फरक अर्थपूर्ण धरतात. पण आठ गटांच्या सरासरीत एक पायरी ०.१२५ ची असते, त्यामुळे एका रुग्णात निदान दोन पायऱ्या, म्हणजे ०.२५ बदलल्याशिवाय काही बोलू नये.

तुमच्या दवाखान्याचा स्वतःचा हलकावाही काढता येतो, आणि काढावाच. औषध न बदललेले, स्थिर असलेले पन्नासेक रुग्ण घ्या. एक ते दोन आठवड्यांच्या अंतराने त्यांच्याकडून तोच कागद त्याच पद्धतीने दोनदा भरून घ्या. प्रत्येकाच्या दोन आकड्यांतला फरक काढा, त्या फरकांचं प्रमाण विचलन काढा आणि १.९६ ने गुणा. समजा विचलन १.१ आलं, तर २.२ च्या आतला बदल तुमच्याकडे मोजमापाच्याच चुकीत बसतो. हा आकडा प्रसिद्ध झालेल्यांपेक्षा फार मोठा आला तर सिस्टरना विचारण्याची पद्धत पुन्हा शिकवायची वेळ आली आहे.

आकडा वाईट आणि सांधे चांगले, असं दिसलं की दोन्ही टोकं टाळा. 'पेशंट उगाच सांगतो' असं म्हणू नका आणि लगेच मेथोट्रेक्सेट हे आमवाताचं मुख्य औषध वाढवू नका. क्रमाने बघा. सरावाचा प्रश्न पुन्हा विचारा, दिशा चुकली असेल तर तिथेच कळेल. जुना आमवात असेल तर झिजलेला सांधा दुखतोय का ते पाहा, कारण आजार थंड झाला तरी झिजेमुळे एचएक्यू एका पातळीच्या खाली उतरत नाही. दुखऱ्या सांध्यांची संख्या सुजलेल्यांपेक्षा ७ किंवा त्याहून जास्तीने मोठी असेल तर सोबत फायब्रोमायल्जिया, म्हणजे सूज नसताना अंगभर दुखण्याचा आजार, आहे का तपासा. झोप आणि नैराश्य विचारा. तरीही उलगडा झाला नाही तर अल्ट्रासाउंडमध्ये लपलेली सूज दिसते का ते बघा. प्रत्येक शक्यतेवर इलाज वेगळा आहे, आणि आकडा घेतला नसता तर यातलं काहीच समोर आलं नसतं.

आकडा रुग्णासमोर बघा. 'थकवा मागच्या वेळी चार होता, आज आठ लिहिलात, काय झालं?' एवढं विचारलं की पुढच्या वेळी तो कागद मन लावून भरतो. कागद न बघता फाइलीत गेलेला दोनदा दिसला की तिसऱ्यांदा सगळीकडे पाचवर खूण होते.

मोबाइल आणि टॅब्लेट

टॅब्लेटवर भरून घ्यायचं असेल तर सरकपट्टी नको. वाकडी झालेली, दुखरी बोटं ती नेमक्या जागी थांबवू शकत नाहीत, आणि पट्टी मधोमध उभी असेल तर पाचकडेच कल जातो. मोठे वेगवेगळे आकडे ठेवा, आधी काहीही निवडलेलं नसावं. एका पडद्यावर एक प्रश्न, देवनागरी अक्षर ठसठशीत, मागच्या भेटीची उत्तरं लपवलेली. 'उत्तर देत नाही' असा पर्याय द्या, नाहीतर पुढे जाण्यासाठी रुग्ण काहीही दाबतो. घरी लिंक पाठवली तर उत्तर कोणी दिलं हा पहिला प्रश्न ठेवा. व्हॉट्सॲपच्या गटावर ही माहिती मागवू नका. रुग्णाची आरोग्याची माहिती आहे ती, आणि २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा संमती घ्यायला सांगतो.

दर तीन महिन्यांनी

गठ्ठ्यातून वीस कागद उचला. किती ठिकाणी कोरं आहे, किती जणांनी सगळीकडे तोच आकडा दिला आहे, किती कागदांवर अक्षर सिस्टरचं आहे, बेरीज किती चुकल्या आहेत, भरण्याची वेळ लिहिली आहे का, एवढं तपासा. एकाच प्रश्नाला पुन्हापुन्हा कोरं येत असेल तर दोष त्या प्रश्नाचा किंवा त्याच्या छपाईचा आहे, रुग्णाचा नाही.

पुढे कधी प्रश्नावली बदलावीच लागली तर जुनी एकदम बंद करू नका. दोन-तीन महिने दोन्ही एकाच भेटीत भरून घ्या, निम्म्या रुग्णांना आधी जुनी आणि निम्म्यांना आधी नवी. बदलाच्या तारखेला प्रत्येकाच्या आलेखावर उभी रेघ मारा, आणि त्या रेघेच्या दोन्ही बाजूंचे आकडे एकमेकांना जोडू नका.